पंचावन्न मैलांची वाट

माणदेशातील वाट कशी असते, हे आटपाडीच्या मुलांना सांगावयास नको. चैत्र-वैशाखात माळ करपून जातो, ओढ्याच्या पात्रात पाण्याऐवजी वाळू तापत पडते, आणि बैलगाडी गेली म्हणजे मागे बराच वेळ धुळीचा लोट हवेत लोंबकळत राहतो. अशा वाटेवर चालणारा मनुष्य उन्हाला भितो, तहानेला भितो. पण पायांखालच्या मातीला तो भीत नाही. माती म्हणजे आपल्या ओळखीची वस्तू.

आता अशी कल्पना करा की, वाट तशीच आहे, ऊन तसेच आहे, सुकलेले गवत आणि काटेरी झुडपेही तशीच आहेत. परंतु त्या मातीत पावलापावलावर मृत्यू पुरून ठेवलेला आहे. तो कोठे आहे हे कोणालाही ठाऊक नाही. मागून एक सबंध फौज येत आहे आणि तिला घाई आहे. सर्वांच्या पुढे जी लहानशी उघडी गाडी चालली आहे, तिच्यात बसून बावीस वर्षांचा एक तरुण त्या मातीकडे टक लावून पाहत आहे. ही गोष्ट सन १९४१ च्या फेब्रुवारी महिन्यातील, आफ्रिका खंडातील हबसाणची आहे, आणि तो तरुण म्हणजे पुण्याजवळच्या खडकी येथील सफरमैना पलटणीचा अधिकारी प्रेमिंद्रसिंह भगत.

प्रेमिंद्रसिंहांचा जन्म १४ ऑक्टोबर १९१८ रोजी गोरखपूर येथे झाला. त्यांचे वडील सुरेंद्रसिंह हे त्या वेळच्या संयुक्त प्रांताच्या सरकारी नोकरीत अभियंता होते. घरची स्थिती चांगली होती. मुलाने लष्करात जावे असे ठरले, आणि १९३० साली, म्हणजे हा पाठ वाचणाऱ्या मुलांच्याच वयात, प्रेमिंद्र डेहराडूनच्या सैनिकी विद्यालयात दाखल झाला. हे विद्यालय १९२२ साली स्थापन झाले होते. पुढे लष्करात अधिकारी होऊ इच्छिणाऱ्या भारतीय मुलांना तेथे लहानपणापासून तयार करण्यात येई. पहाटे उठणे, कवायत, खेळ, अभ्यास, पुन्हा खेळ, असा तेथील दिनक्रम असे.

खेळात हा मुलगा तरबेज होता. टेनिस आणि स्क्वॉश हे त्याचे आवडते खेळ. अभ्यासाविषयी मात्र तसे म्हणता येत नाही. १९३७ साली तो डेहराडूनच्याच भारतीय सैनिकी प्रबोधिनीत गेला, तेथेही शिक्षकांचे मत असे पडले की, मुलगा खेळाडू म्हणून उत्तम, परंतु विद्यार्थी म्हणून सामान्य आणि काहीसा निष्काळजी. थोरांच्या चरित्रात बहुधा लहानपणापासूनच तेजस्वी बुद्धीचे दाखले दिलेले असतात. येथे ते देता येत नाहीत, आणि न दिलेलेच बरे. प्रबोधिनीत असतानाच, १९३८ साली, घोडेस्वारी करताना झालेल्या अपघातात त्यांचे वडील मृत्यू पावले. हा घाव तरुण मनाला फार खोल लागला. त्यानंतर त्यांच्या वागण्यात पालट पडला; अभ्यासाकडे ते लक्ष देऊ लागले, आणि १५ जुलै १९३९ रोजी त्यांना सेकंड लेफ्टनंटच्या हुद्द्याची सनद मिळाली. वडील अभियंता होते. मुलानेही लष्करातील अभियंत्यांचीच शाखा धरली. त्यांची नेमणूक रॉयल बॉम्बे सॅपर्स अँड मायनर्स या पलटणीत झाली.

जुनी माणसे या पलटणीला सफरमैना म्हणत. इंग्रजी नावाचा उच्चार आपल्या जिभेला सोयीचा करून घेता घेता हा शब्द तयार झाला, आणि तो इतका आपला झाला की पुष्कळांना त्याचे मूळ ठाऊकही नसते. पायदळाच्या शिपायाचे काम लढण्याचे. सफरमैनेचे काम त्याला लढाईपर्यंत नेण्याचे. नदी आडवी आली तर पूल बांधावयाचा, डोंगर आडवा आला तर वाट फोडावयाची, शत्रूने तटबंदी केली असेल तर तिला भगदाड पाडावयाचे, आणि माघार घेण्याचा प्रसंग आला तर आपणच बांधलेला पूल आपल्याच हाताने उडवून द्यावयाचा. सैन्य पुढे जात असता हे लोक सर्वांच्या पुढे असतात, आणि मागे हटत असता सर्वांच्या मागे. त्यांच्या एका हातात कुदळ असते व दुसऱ्या हातात बंदूक.

खडकीच्या या पलटणीत मराठे, शीख आणि मुसलमान असे तिन्ही समाजांचे जवान असत. सातारा जिल्ह्यातील गावोगावची मुले तिच्यात भरती झालेली होती. साताऱ्याकडे लष्करी चाकरीची परंपरा मोठी. अपशिंगे या एकाच गावातील ४६ जवान पहिल्या महायुद्धात कामी आले, आणि आजही त्या गावाला लोक अपशिंगे मिलिटरी याच नावाने ओळखतात. भगत ज्या तुकडीत रुजू झाले ती २१ क्रमांकाची फील्ड कंपनी. या कंपनीचाही एक इतिहास होता. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी फ्रान्समधील नव शापेल या गावी २० व २१ क्रमांकांच्या दोन्ही कंपन्यांना, त्या वस्तुतः बांधकामाच्या असूनही, शीख पायदळाबरोबर सरळ हल्ल्यात घालण्यात आले होते. गावातल्या घराघरांतून हातघाईची लढाई झाली, आणि त्या दिवशी दोन्ही कंपन्यांचे सर्व इंग्रज अधिकारी मारले गेले वा जखमी झाले. पंचवीस वर्षांनी या कंपनीत एक भारतीय तरुण अधिकारी म्हणून येत होता. भारतीयाने इंग्रजांच्या बरोबरीने अधिकारी व्हावे ही गोष्ट त्या काळी अजून नवी होती. डेहराडूनची प्रबोधिनी सुरू होऊन जेमतेम सात वर्षे झाली होती.

भगत रुजू झाले आणि अवघ्या काही आठवड्यांत, सप्टेंबर १९३९ मध्ये, युरोपात दुसरे महायुद्ध सुरू झाले.

आता हबसाणकडे वळू. हा देश आपणांस वाटतो तितका परका नाही. शिवरायांच्या इतिहासात जंजिऱ्याच्या सिद्दीचे नाव आपण वाचतो. त्या सिद्दींचे पूर्वज आफ्रिकेच्या याच बाजूकडून समुद्रमार्गे आपल्या किनाऱ्यावर आले, आणि म्हणूनच त्यांना हबशी म्हणत. हबसाण म्हणजे ॲबिसिनिया, म्हणजे आजचा इथिओपिया. उंच डोंगरांचा हा देश शतकानुशतके स्वतंत्र होता. ऑक्टोबर १९३५ मध्ये इटलीने त्याच्यावर स्वारी केली. विमाने, रणगाडे आणि विषारी वायू यांच्यापुढे हबशी शिपायांचे भाले आणि जुन्या बंदुका टिकल्या नाहीत. मे १९३६ मध्ये राजधानी आदिस अबाबा पडली आणि सम्राट हैले सेलासी यांना देश सोडावा लागला. राष्ट्रसंघापुढे त्यांनी न्याय मागितला; जगाने तो ऐकून घेतला, पण कोणी मदतीला धावले नाही.

१० जून १९४० रोजी इटली महायुद्धात उतरली. जुलैच्या आरंभी इटालियन सैन्याने शेजारच्या सुदानात शिरून कसाला आणि गल्लाबात ही सरहद्दीवरील ठाणी घेतली. सुदान इंग्रजांच्या ताब्यात होता, पण त्याच्या रक्षणास सैन्य तुटपुंजे होते. म्हणून हिंदुस्थानातून पाचवी डिव्हिजन तिकडे पाठविण्यात आली, आणि त्या सैन्याबरोबर सप्टेंबर १९४० मध्ये सेकंड लेफ्टनंट भगत यांची कंपनीही आफ्रिकेत पोहोचली.

येथे चिकित्सक विद्यार्थ्याच्या मनात एक शंका येईल, आणि ती यावयासच हवी. आपला देश त्या वेळी स्वतः पारतंत्र्यात होता. मग परक्या राज्यकर्त्यांच्या झेंड्याखाली, तिसऱ्याच देशात जाऊन आपल्या लोकांनी का लढावे? या प्रश्नाचे उत्तर त्या काळच्या माणसांनाही सोपे वाटत नव्हते. आटपाडी तेव्हा औंध संस्थानात होती. औंधच्या राजांनी १९३९ साली आपल्या प्रजेला स्वराज्याची घटना दिली होती, आणि गावांचा कारभार गावांच्या हाती सोपविला होता. थोड्याच वर्षांनी शेजारच्या सातारा जिल्ह्यात क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार उभे राहिले. एकाच गावातील एक जण इंग्रजांच्या पलटणीत आफ्रिकेच्या नाही तर इटलीच्या रणात, आणि दुसरा इंग्रजांची सत्ता झुगारून रानात, असे त्या पिढीचे चित्र होते. दोघांपैकी कोणालाही भित्रा म्हणता येणार नाही. भगत यांनी आपल्यापुरता मार्ग निवडला होता. सैनिकाचा पेशा पत्करला की तो पुरतेपणी करावयाचा, एवढे त्यांनी ठरविले होते. आणि ज्या भूमीवर ते उतरले, ती भूमी एका आक्रमकाच्या टाचेखालून सोडविण्याचे काम त्यांच्या वाट्याला आले, हेही खरे.

गल्लाबात हे सुदानच्या हद्दीतील एक लहानसे ठाणे. समोरच, एका कोरड्या ओढ्यापलीकडे, हबसाणच्या हद्दीत मेटेम्मा हे गाव. पावसाळ्यानंतर तेथे पुरुषभर उंचीचे गवत माजते. ६ नोव्हेंबर १९४० रोजी पहाटे भारतीय सैन्याने गल्लाबातवर हल्ला चढविला. या हल्ल्याचे नेतृत्व ब्रिगेडियर स्लिम यांच्याकडे होते. हेच स्लिम पुढे ब्रह्मदेशातील मोहिमेचे सेनापती म्हणून प्रसिद्धी पावले. ठाणे हाती आले. पण रणगाडे दगडधोंड्यांत आणि सुरुंगांत अडकून मोडले, वर इटालियन विमानांनी बाँबवर्षाव मांडला, आणि जिंकलेली जागा सोडून मागे यावे लागले.

सफरमैनेचे खरे काम येथे सुरू झाले. शत्रूने पाठलाग करू नये म्हणून वाटा बंद करावयाच्या होत्या. एका मोरीवर दोन मोडके रणगाडे आणून उभे करण्यात आले, आणि त्यांत दारू ठासून भरण्यात आली. बत्ती दिली, स्फोट झाला. पण एकाच रणगाड्यातील दारू उडाली. दुसरा जशाचा तसा राहिला आणि मोरी काही कोसळली नाही. शत्रू जवळ येत चालला होता. अशा वेळी भगत आडोसा सोडून उघड्यावर धावले, गोळ्यांच्या वर्षावात त्या दुसऱ्या रणगाड्यापर्यंत पोहोचले आणि उरलेली दारू त्यांनी उडवून दिली. मोरी खाली बसली आणि वाट तुटली. या कामगिरीबद्दल मिलिटरी क्रॉस द्यावा अशी शिफारस झाली होती. तो मिळाला नाही, मात्र सेनापतींच्या खलित्यात त्यांचा गौरवपूर्वक उल्लेख झाला.

त्यानंतर जवळजवळ तीन महिने दोन्ही सैन्ये समोरासमोर ठाण मांडून बसली. जानेवारी १९४१ मध्ये युद्धाचे पारडे फिरले. इटालियनांनी प्रथम कसाला सोडले, आणि ३१ जानेवारीच्या रात्री मेटेम्माही रिकामे करून ते गोंदरच्या दिशेने मागे सरले. मागे सरणाऱ्या सैन्याला गाठून त्याला स्थिर होऊ न देणे हे पाठलाग करणाऱ्याचे काम असते. म्हणून चपळ गाड्यांची एक तुकडी ताबडतोब त्याच्या मागावर सोडण्यात आली. परंतु इटालियन सैन्य जाता जाता वाटेत आणि वाटेच्या दोन्ही बाजूंना सुरुंग पेरीत गेले होते.

सुरुंग म्हणजे काय, हे नीट समजून घेतले पाहिजे. आपल्याकडे विहीर खणताना पाषाण लागला की सुरुंग लावतात. तेथे भोक कोठे पाडले, दारू किती भरली, बत्ती केव्हा दिली, हे सर्व लावणाऱ्याला ठाऊक असते, आणि तो आधी आरोळी देऊन माणसे दूर करतो. युद्धातील सुरुंग याच्या अगदी उलट. दारूने भरलेला तो डबा मातीत हातभरसुद्धा खोल नसतो. वरून माती सारखी केलेली असते. गाडीचे वजन पडले की कळ दबते आणि गाडीच्या चिंधड्या होतात. एक सापडला म्हणून जवळच दुसरा नसेल असे नाही, उलट असतोच. अशा पेरलेल्या जागेला सुरुंगक्षेत्र म्हणतात. आज सुरुंग हुडकण्याची यंत्रे आहेत. भगत यांच्या तुकडीपाशी असे यंत्र नव्हते. डोळे, हात आणि संगीन एवढीच त्यांची साधने.

मातीचा रंग कोठे किंचित वेगळा दिसतो काय, गवताची काडी अकारण वाकली आहे काय, चाकांच्या जुन्या खुणा मध्येच पुसट झाल्या आहेत काय, हे पाहत पुढे जावयाचे. संशय आला की गाडी थांबवावयाची, उतरून संगिनीचे टोक तिरपे, हलक्या हाताने मातीत सारावयाचे. टणक लागले की बोटांनी माती बाजूला करावयाची. मग तो डबा उचलून निकामी करावयाचा, नाही तर जागच्या जागी उडवून द्यावयाचा. हे काम सावकाश करावयाचे असते. आणि येथे तर सावकाशीला मुभाच नव्हती, कारण जितका उशीर होईल तितका शत्रू पुढच्या डोंगरात पाय रोवून बसणार होता.

तुकडीच्या अग्रभागी ब्रेन कॅरियर नावाच्या गाड्या होत्या. पोलादी पट्ट्यांवर चालणारी, वरून उघडी अशी ही बुटकी गाडी. तिच्यातील अगदी पहिल्या गाडीत भगत स्वतः बसले. त्यांच्या हाताखाली सफरमैनेची एक लहान टोळी होती. अधिकाऱ्याने मागे राहून हुकूम सोडावेत आणि शिपायाने पुढे जावे, अशीही पद्धत असू शकली असती. ती त्यांनी ठेवली नाही.

सूर्योदयाला काम सुरू होई आणि अंधारात माती दिसेनाशी झाली की थांबे. पहिला दिवस, दुसरा दिवस, तिसरा दिवस. एक सुरुंगक्षेत्र मोकळे करावे, मागच्यांना खूण करावी, पुन्हा गाडीत बसावे, थोडे पुढे जावे, आणि पुन्हा उतरावे. सतत मातीकडे पाहून डोळ्यांची काय दशा होत असेल, याची कल्पना उन्हात दिवसभर नांगरलेल्या रानात भुईमूग वेचणाऱ्या मुलाला थोडीफार येईल. फरक इतकाच की, त्याचा एखादा दाणा नजरेआड झाला तर काही बिघडत नाही.

भगत यांच्याही नजरेतून चुकलेच. एकदा त्यांची गाडी सुरुंगावर गेली आणि उडाली. सोबतच्या जवानांना त्याची किंमत मोजावी लागली. भगत मात्र वाचले. ते उठले, दुसऱ्या गाडीत बसले आणि पुढे निघाले. पुढे दुसरी गाडीही तशीच उडाली. याही वेळी सोबतचे लोक बळी पडले आणि ते वाचले. एका स्फोटात त्यांच्या एका कानाचा पडदा फाटला. तिसऱ्या प्रसंगी वाटेत दबा धरून बसलेल्या शत्रूने अगदी जवळून गोळीबार केला. त्या गोळीबारातही त्यांनी हातातले काम टाकले नाही.

शरीर थकले, झोप नाही, कानातून ठणका. वरिष्ठांनी त्यांच्या जागी दुसरा अधिकारी देऊ केला. भगत यांनी नकार दिला. नकाराचे कारण त्यांनी दिले ते मोठे ध्यानात घेण्यासारखे आहे. आपण शूर आहोत, किंवा आपल्याला कर्तव्य सोडवत नाही, असे काही त्यांनी सांगितले नाही. इतक्या सुरुंगक्षेत्रांतून गेल्यामुळे शत्रू सुरुंग कसे पेरतो हे आता आपल्याला कळू लागले आहे; नवा माणूस आला तर त्याला हे सर्व पहिल्यापासून शिकावे लागेल, आणि तेही माणसांच्या जिवावर, असा त्यांचा मुद्दा होता. चार दिवसांपूर्वी जो मनुष्य या विद्येत शिकाऊ होता, तो आता तीत सर्वांहून जाणकार झाला होता. निष्काळजी विद्यार्थी म्हणून ज्याची नोंद झाली होती, त्याच्याच सावधपणावर सबंध तुकडीचे प्राण अवलंबून होते.

असे चार दिवस, म्हणजे ९६ तास, चालले. तेवढ्या वेळात त्यांनी १५ सुरुंगक्षेत्रे शोधून मोकळी केली आणि ५५ मैलांची वाट सैन्याला खुली करून दिली. ५५ मैल म्हणजे सुमारे ८८ किलोमीटर. आटपाडीहून सांगलीला जाण्याइतके साधारण अंतर. मोटारीने दोन-अडीच तासांत तुटणाऱ्या त्या अंतराचा वीत वीत भाग एका माणसाने डोळ्यांनी तपासला.

१० जून १९४१ रोजी सेकंड लेफ्टनंट प्रेमिंद्रसिंह भगत यांना व्हिक्टोरिया क्रॉस जाहीर झाला. ब्रिटिश साम्राज्यात शौर्याचे याहून मोठे पदक नव्हते. १९११ पर्यंत तर भारतीय सैनिकांना त्याची दारे बंदच होती. पहिल्या महायुद्धात ते काही भारतीय जवानांना व जमादारांना मिळाले. परंतु राजाची सनद असलेल्या भारतीय अधिकाऱ्याला ते मिळण्याची ही पहिलीच वेळ होती. दुसऱ्या महायुद्धातीलही भारतीयाला मिळालेला हा पहिला व्हिक्टोरिया क्रॉस. भारतीय मनुष्य शिपाई म्हणून उत्तम, पण त्याला अधिकारी करण्यात अर्थ नाही, असे म्हणणारे लोक त्या काळी थोडे नव्हते. त्यांना मेटेम्माच्या वाटेवर उत्तर मिळाले.

पदक एकाला मिळते; काम अनेकांचे असते. त्या दोन गाड्यांत जे जवान बळी पडले, त्यांची नावे अशा पाठांत येत नाहीत. त्याच आठवड्यात उत्तरेस केरनच्या डोंगरात मोठी लढाई जुंपली होती. ५ फेब्रुवारीपासून २७ मार्चपर्यंत ती चालली. तेथे राजपुताना रायफल्सचे सुभेदार रिछपाल राम धारातीर्थी पडले; त्यांनाही मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस देण्यात आला. मराठा पलटणीचे जवानही केरनच्या त्या उभ्या कड्यांवर चढले होते, आणि त्यांतील कित्येक तेथेच राहिले. ५ मे १९४१ रोजी सम्राट हैले सेलासी आपल्या राजधानीत परत आले. गोंदर, ज्या गावाच्या दिशेने भगत यांनी वाट मोकळी केली होती, ते मात्र नोव्हेंबरअखेर पडले.

भगत मायदेशी परतले. १९४२ च्या फेब्रुवारीत पुण्याच्या मोहिनी भंडारी यांच्याशी त्यांचा विवाह झाला. युद्ध संपले, देश स्वतंत्र झाला, आणि इंग्रजांच्या सैन्यातील हा अधिकारी स्वतंत्र भारताच्या सैन्याचा अधिकारी झाला. पुढील वर्षांत ते एकेक पायरी चढत गेले. त्या सर्व नेमणुकांची जंत्री येथे देत नाही. दोन प्रसंग मात्र सांगितले पाहिजेत.

पहिला १९६२ चा. त्या वर्षी २० ऑक्टोबरला चीनने आपल्या उत्तर सीमेवर मोठे आक्रमण केले आणि महिन्याभराच्या युद्धात आपला पराभव झाला. हे असे का झाले, याची लष्करी दृष्टीने चौकशी करण्याचे काम लेफ्टनंट जनरल हेंडरसन ब्रुक्स आणि ब्रिगेडियर भगत या दोघांवर सोपविण्यात आले. भगत त्या वेळी डेहराडूनच्या प्रबोधिनीचे प्रमुख होते. जेथे त्यांच्या निष्काळजीपणाची नोंद झाली होती, तीच ही संस्था. पराभवाची चौकशी करणे हे काम कोणालाही नकोसेच. ज्यांच्या चुका दाखवावयाच्या ते आपलेच वरिष्ठ आणि आपलेच सोबती असतात. दोघांनी आपला अहवाल १९६३ साली सादर केला. सरकारने तो गोपनीय ठेवला, आणि अधिकृतपणे तो संपूर्ण असा आजवर प्रसिद्ध झालेला नाही. देशाच्या संरक्षणाविषयी भगत यांनी पुढे स्वतंत्र ग्रंथही लिहिले.

दुसरा प्रसंग १९७२ चा. डिसेंबर १९७१ मधील युद्धानंतर २ जुलै १९७२ रोजी सिमला येथे भारत आणि पाकिस्तान यांच्यात करार झाला. काश्मीरमध्ये दोन्ही सैन्यांच्या मधली रेषा नक्की करून ती नकाशावर आखावयाची होती. भारताच्या बाजूने हे काम लेफ्टनंट जनरल भगत यांच्याकडे आले. ते तेव्हा नव्यानेच उभारलेल्या उत्तर विभागाचे सेनापती होते. समोर पाकिस्तानचे लेफ्टनंट जनरल अब्दुल हमीद खान. ऑगस्टपासून डिसेंबरपर्यंत बैठकी चालल्या. एखादी टेकडी कोणाची, एखादा नाला कोणाच्या बाजूला, यावर दिवसचे दिवस खल होई. एका चिमुकल्या खेड्यावरून तर बोलणी इतकी अडली की, अखेर दोन्ही देशांच्या सरसेनापतींना एकमेकांची भेट घ्यावी लागली. जमिनीच्या वितीवितीकडे बारकाईने पाहण्याची सवय भगत यांना जुनीच होती. ११ डिसेंबर १९७२ रोजी सुचेतगड येथे दोघा सेनानींनी नकाशांवर सह्या केल्या. आपण आज जिला नियंत्रण रेषा म्हणतो, ती हीच.

भगत हे सरसेनापती होतील अशी पुष्कळांची अपेक्षा होती. तसे झाले नाही. त्या वेळचे सरसेनापती जनरल बेवूर यांना १९७४ साली मुदतवाढ मिळाली, आणि भगत यांची निवृत्तीची वेळ आली. सैन्यात या गोष्टीची बरीच चर्चा झाली. भगत यांनी गणवेष उतरवला आणि त्याच वर्षी जुलैमध्ये दामोदर खोरे महामंडळाचे अध्यक्षपद स्वीकारले. बिहार आणि बंगालमधून वाहणाऱ्या दामोदर नदीवरील धरणे आणि वीजकेंद्रे या महामंडळाकडे होती. विजेचा तुटवडा असलेला तो काळ. साठीकडे झुकलेला हा अभियंता अधिकारी पुन्हा धरणे, यंत्रे आणि कामगार यांच्यात रमला. एका कानाने त्यांना तसे कमीच ऐकू येई, असे म्हटले तर ते नवल नव्हे. मेटेम्माची खूण ती.

परंतु हे काम त्यांना वर्षभरही लाभले नाही. मे १९७५ मध्ये त्यांना पेनिसिलिन देण्यात आले. कित्येकांना जीवदान देणारे हे औषध काही थोड्या लोकांच्या प्रकृतीला मुळीच सोसत नाही, आणि ते त्यांपैकी एक निघाले. २३ मे १९७५ रोजी त्यांचा अंत झाला. त्या वेळी त्यांचे वय ५६ वर्षांचे होते.